पेरॉक्साइडआधीचा पाच

ताश-बेल, १८ फेब्रुवारी २००६

कलिपा,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे नेहमीसारखे कुरकुरतात, पण तिची जीभ शाबूत आहे. मुकाश वर डोंगरात मेंढ्यांपाशी आहे. हिवाळ्यात तिथे बाटली पोचत नाही, म्हणून तुझा नवरा सध्या माणसात आहे. माझा भाऊ असला तरी खरं ते खरं. मी फटकळ आहे हे तुला नव्याने सांगायला नको.

लिहायचं कारण पेरिझात. प्रांताच्या रसायन स्पर्धेत तुझी लेक दुसरी आली. दुसरी म्हणजे वाईट नाही, पण बिश्केकच्या फेरीला पहिलाच जातो. तिथे वरच्या क्रमांकात आलं की वैद्यकीयला परीक्षेशिवाय प्रवेश. तुझी अट मला पाठ आहे: बिश्केकला गेली तर शिकू दे, नाही तर जूनमध्ये शाळा संपली की येकातेरिनबुर्गला माझ्याकडे पाठवा, गाळ्यावर हात कमी पडताहेत. आता अटीप्रमाणे ती तुझ्याकडे यायची. सतरा वर्षांची पोर, डोक्यात सगळी रसायनं, आणि हातात चिनी मोजे घेऊन बाजारात उभी राहणार. असो. तो तुमचा मायलेकींचा प्रश्न आहे.

कशी हरली म्हणशील, तर एका समीकरणात. परमँगनेट आणि पेरॉक्साइडचं संतुलन करायचं होतं. तिने दिलेलं उत्तर परीक्षकांकडच्या उत्तराशी जुळलं नाही. तिने दाद मागितली. ती फेटाळली गेली. परीक्षकांत मीही होते. आपल्या या एवढ्याशा गावात रसायन शिकवणारे आहेतच किती, म्हणून मला बसावं लागलं. पण मी तिथे आत्या म्हणून बसले नव्हते, हे तू समजून घे. उद्या लोक म्हणाले असते, असिलकानने भाचीला पुढे काढलं.

खरं विचारशील तर तू पाठवलेल्या त्या जाडजूड रशियन पुस्तकाने घोटाळा केला. मी तिला सुटसुटीत पद्धत शिकवली होती. तिने ती सोडली आणि पुस्तकातली लांबलचक पकडली. मी काही म्हणत नाही. आईने पाठवलेलं पुस्तक आहे.

शनिवारची बस सुटायच्या आत हे ड्रायव्हरकडे द्यायचं आहे. उत्तर पाठवलंस तर पाठव. सून म्हणून आलीस तेव्हा सासरच्यांची नावं घ्यायची नाहीत म्हणून तू प्रत्येकाला नवं नाव ठेवलं होतंस. मला 'खडूताई' म्हणायचीस. मला राग यायचा. आणि आवडायचंही, हे आज सांगते.

असिलकान

*

ताश-बेल, ३ मार्च २००६

कलिपा,

शाल मिळाली. इतकी मऊ शाल मी जन्मात पांघरली नाही. आई दिवसभर हात फिरवत बसली होती, म्हणत होती, "बघ, शेवटी सून ती सूनच." दोन वर्षं हीच बाई तुझं नाव निघालं की पाठ फिरवत होती.

ती शाल मी परत पाठवते आहे. या बसने नाही तर पुढच्या. रंग मला शोभत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पेरिझातने तुला फोनवर सांगितलं म्हणे, की आत्या माझ्यासाठी आत सगळ्यांशी भांडली, एकटी पडली म्हणून हरली. आणि तू लिहितेस, "खडूताई, त्या दिवशी दारात तुम्ही मला बोललात, ते मी मनातून काढून टाकलं. माझ्या लेकीमागे कुणीतरी उभं राहिलं, मला तेवढं पुरे." दारात मी काय बोलले होते ते मला आठवतं. पोरीला टाकून जाणारी आई कसली, असं म्हणाले होते. तू सामान उचललंस आणि मागे न बघता गेलीस.

कलिपा, मी भांडले नाही.

हे मी तिला सांगितलेलं नाही, आणि तूही फोनवर सांगू नकोस. आधी ऐकून घे. दाद मागण्याची वेळ कधी आली, तर नेमकी आमच्या गुरुजींच्या, इसमानाली अगायांच्या सत्काराच्या दिवशी. गावात जो कुणी रसायन शिकवतो तो त्यांच्याच हाताखालून गेलेला. पन्नास वर्षं शिकवलं त्यांनी. सभागृहात जेवणाचा दस्तरखान अंथरलेला, पाहुणे पाय मुडपून बसलेले, मानाचं मेंढीचं डोकं त्यांच्यापुढे मांडायला तयार, आणि आम्ही तिघं प्रयोगशाळेत दाराआड: अगाय, मी, आणि निवासी शाळेचा साबिर. अगायांच्या खांद्यावर सत्काराचा नवा अंगरखा, चापान, डोक्यावर पांढरी कल्पाक टोपी. आणि उत्तर त्यांनी स्वतः लिहिलेलं. अशा माणसाला, अशा दिवशी, 'तुमचं चुकलं' म्हणायचं? आपल्यात म्हाताऱ्याच्या बोलण्याला आडवं जात नाहीत. तुला मी काय शिकवणार, तू तर सासऱ्यापुढे कधी मान वर केली नाहीस.

म्हणून मी गप्प बसले. बाहेर आले तर पेरिझात भिंतीला टेकून उभी. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू दे गं आत्या. तू एकटी काय करणार होतीस?" मी तिला जवळ घेतलं. तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि तरी ते खोटंच झालं.

तेव्हापासून ती माझ्या मागेमागे असते. शाळेतून आले की बूट काढून घेते, चहात दूध जास्त घालते, मी ताटावरून उठले की विचारते, "आत्या, अजून त्याच विचारात आहेस ना?" मी त्याच विचारात असते, पण तिला वाटतं तसा नाही.

एवढं लिहून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

असिलकान

*

ताश-बेल, ९ मार्च २००६

कलिपा,

काल आठ मार्च. मुलांनी वर्ग सजवला, केक आणला, बायकांच्या दिवसाची नेहमीची गाणी झाली. मग कुणाला काय बोलायचं असेल ते बोला, असं ठरलं. तुझी लेक उठली. कधी चारचौघांत तोंड उघडत नाही ती. म्हणाली, "माझी आई लांब आहे. पण माझी आत्या माझ्यासाठी मोठ्या माणसांशी भांडली, आणि हरली तरी मला दोष दिला नाही. मला मोठेपणी तिच्यासारखं व्हायचंय." टाळ्या पडल्या. मी उभी राहिले, मान लववली, टाळ्या घेतल्या. केकही खाल्ला. सगळं करून घरी आले आणि अंगणातल्या नळावर तोंड धूत राहिले. आई खिडकीतून ओरडली, "कातडी सोलून काढतेस की काय!"

आता जे लिहिते ते तुला एकटीला नाही, मला स्वतःलाही पहिल्यांदाच सांगते आहे. मागच्या पत्रात 'गप्प बसले' असं लिहिलं. तेही खरं नाही. गप्प बसला तो साबिर. मी बोलले.

तुला त्या समीकरणातलं काय कळणार, असं मी पूर्वी म्हटलं असतं. पण तू बाजारात उभी राहतेस, देणंघेणं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. यातही तेवढंच आहे. एक पदार्थ इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो. जेवढे घेतले तेवढेच कुणीतरी दिलेले असले पाहिजेत. नुसते अणू मोजून भागत नाही. डावीकडे बावीस ऑक्सिजन, उजवीकडे बावीस, म्हणजे झालं, असं नसतं. हे समीकरण त्यासाठीच कुप्रसिद्ध आहे. अणू जुळवायचे म्हटले तर ते अनेक तऱ्हांनी जुळतं, आणि त्यातली खरी तऱ्हा एकच. दोन परमँगनेट, पाच पेरॉक्साइड, तीन आम्ल. 'दोन-पाच-तीन' हे अगायांनीच आम्हाला घोकवलेलं. आम्ही मुली दोरीवरच्या उड्या मारतानाही म्हणायचो.

आणि त्या दिवशी त्यांच्या उत्तरात पेरॉक्साइडआधी पाच नव्हता, एक होता. म्हातारपण. डोळ्यांत मोतीबिंदू, डोक्यात सत्काराची गडबड. अणू मोजले, जुळले, पुढे गेले. पेरिझातने पाच लिहिला होता.

ती आत आली, फळ्यापाशी गेली. म्हणाली, "अगाय, तुमच्या उत्तरात अणू जुळतात. माझ्यातही जुळतात. पण मँगनीजला एकेकाला पाच इलेक्ट्रॉन लागतात, दोघांना दहा. एक पेरॉक्साइड देणार दोन. मग बाकीचे आठ दिले कुणी?" मग पुढे म्हणाली, "आणि ऑक्सिजन पेरॉक्साइडमधून निघतो. एका पेरॉक्साइडमध्ये दोन अणू, म्हणजे ऑक्सिजनचा एक रेणू. तुमच्याकडे तीन लिहिलेत. ते कुठून आले?"

अगाय म्हणाले, "बाहेर थांब, बाळ." दार लागलं. मग ते आमच्याकडे वळले. नीट वाच, कलिपा. ते म्हणाले, "मला फळा धुरकट दिसतो. तुम्ही बघा. पोर म्हणते ते बरोबर आहे का?"

त्यांनी विचारलं होतं. मी तुला सांगितलं ना, म्हाताऱ्याला आडवं जायचं नसतं? इथे म्हातारा स्वतः विचारत होता. साबिर नखं बघत बसला. त्याचाच मुलगा पहिला येणार होता, तो कशाला तोंड उघडेल? आणि मी म्हणाले, "अगाय, दोन्हींत अणू जुळतात. दोन उत्तरं जुळत असतील तर लहान आकड्यांचं घ्यायचं, असा नियम आहे. तुमचंच बरोबर."

असा नियम इथे लागूच होत नाही. सहगुणकांना एकाच संख्येने भाग जात असेल तेव्हाची गोष्ट ती. नववीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी कान उपटला असता. अगायांनी मान डोलावली, "तू म्हणतेस तर ठीक," आणि सही केली. माझ्या शब्दावर केली.

का, ते सांगते. अगायांचा मान हे एक. लोक म्हणतील भाचीची बाजू घेतली, हे दुसरं. ही दोन्ही कारणं चारचौघांत सांगण्यासारखी आहेत. तिसरं नाही. जानेवारीत मी तिला स्वयंपाकघरात अभ्यास करताना बघितलं. तुझं पुस्तक उघडं, देणाऱ्याचं अर्धं समीकरण वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं, मग दोन्हींची बेरीज. मी म्हटलं, "माझी पद्धत जुनी झाली वाटतं?" ती सहज बोलून गेली, "तसं नाही गं आत्या. पण हिच्यात चूक होत नाही." पंचवीस वर्षं मी गावाला अंदाजाने अणू जुळवायला शिकवलं, आणि तू, दहावी शिकलेली, बाजारात उभी राहणारी बाई, तिकडून एक पुस्तक पाठवतेस आणि माझ्या हातची पोर मला सांगते की तिच्यात चूक होत नाही! ते मला बोचत राहिलं होतं. प्रयोगशाळेत तो पाचाचा आकडा बघितला तेव्हा मला आधी तू दिसलीस, मग ती.

मला माझीच किळस येते, कलिपा. दारात तुला आईपणावरून बोलणारी मी.

शाल या पत्राबरोबर पाठवते. रंगाचा काही दोष नाही.

असिलकान

*

ताश-बेल, १५ मार्च २००६

कलिपा,

तुझं उत्तर यायला शनिवार उजाडेल. तोवर थांबले तर बिश्केकच्या यादीची मुदत निघून जाईल, म्हणून काल दुपारी इसमानाली अगायांकडे गेले.

त्यांच्या म्हातारीने चहा ओतला, तळलेले बोरसोक पुढे ढकलले. "खा गं, वाळलीस. शाळेत उपास चालू आहेत का?" मी म्हटलं, "अगाय, एक समीकरण वाचून दाखवायचंय." ते खूश झाले. डोळे गेल्यापासून कुणी वाचून दाखवलं की त्यांना फार बरं वाटतं. मी वाचलं. पेरॉक्साइडपाशी आले तसा हात वर केला त्यांनी.

"त्याआधी काय म्हणालीस?"

"एक."

"कुठल्या गाढवाने लिहिलंय?"

मी खाली बघितलं. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि किटली घेऊन आत निघून गेली.

अगाय म्हणाले, "हं. ते गाढव मीच. मुलीचं काय होतं?"

"पाच."

"आणि तुला माहीत होतं."

"दोन-पाच-तीन. तुम्हीच शिकवलंत."

"मग मी विचारलं तेव्हा?"

"तुमचा मान, अगाय. त्या दिवशी, त्या लोकांपुढे..."

ते हसले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "वा! मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलंत, आणि आतला मेंदू आधीच काढून घेतलात! अगं, आंधळ्याने विचारलं, पुढे रस्ता आहे का, तर तू म्हणालीस आहे, आणि दरीत ढकललंस. वर म्हणतेस मान राखला. पन्नास वर्षं शिकवलं मी. माझी चूक मला दाखवेल असा एक विद्यार्थी निघाला, आणि त्याला तुम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं केलंत."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "डोळे पूस. उत्तर मी चुकलो, ती चूक माझी. नियम आहे म्हणालीस, ते खोटं तुझं. माझं मी निस्तरतो, तुझं तू निस्तर."

आम्ही तसेच टपाल कचेरीत गेलो. बिश्केकच्या समितीत त्यांचा एक जुना विद्यार्थी आहे. त्याला फोनवर अर्धं बोलू देईनात. "तू मला शिकवू नकोस, मी तुला शिकवलंय! मुलीला बसव. मुलालाही राहू दे, त्याचा काय गुन्हा? जागा कमी असेल तर मी उभा राहतो, माझी खुर्ची तिला दे." तिकडून उत्तर आलं की परीक्षकांनी लेखी कळवावं, काय घडलं, कोण काय म्हणालं, तिघांच्या सह्यांनिशी. साबिरने आधी आढेवेढे घेतले. अगाय त्याला एवढंच म्हणाले, "तू तर बोललाही नव्हतास, तुला सही करायला काय जातंय?" त्याने केली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता पेरिझातला मी घरी सांगते." अगाय थांबले. "घरी? ती कुठे हरली, घरी की फळ्यापाशी? टाळ्या कुठे घेतल्यास, घरी की वर्गात?" आठ मार्चची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. या गावात काय राहतं झाकून!

शुक्रवारी वर्गात सांगायचं ठरलंय. त्याआधी तिला घरी सांगावं की नाही, या विचारात कालची रात्र गेली. सांगितलं नाही. अजून दोन दिवस ती माझ्या चहात जास्त दूध घालेल, आणि मी ते पिईन.

असिलकान

*

ताश-बेल, २४ मार्च २००६

कलिपा,

तुझी चिठ्ठी शनिवारी मिळाली. चारच ओळी. पहिला शब्द माझं नाव. नुसतं 'असिलकान'. वीस वर्षांत तू ते एकदाही उच्चारलं नव्हतंस. आईने चिठ्ठी बघायला मागितली, मी दिली नाही. सुनेने नणंदेला नावाने हाक मारली हे बघून तिला धक्का बसला असता, आणि तू चुकलीस असंही मला म्हणवेना.

पुढे तू विचारलंयस: "तिला सांगितलंस का? एवढंच कळव. बाकी मला काही ऐकायचं नाही." सांगितलं. कसं ते लिहिते. ऐकायचं नसेल तर फाडून टाक.

मागच्या शुक्रवारी अगाय काठी टेकत वर्गात आले. चापान घातला नव्हता, रोजचा जुना कोट होता. मुलं उभी राहिली. ते म्हणाले, "बसा. मी पेरॉक्साइडआधी एक लिहिला. पाच हवा होता. पेरिझात बरोबर होती, मी चूक होतो. माझ्याकडे शिकलात तर ही चूक माझ्या नावावर लक्षात ठेवा." आणि खिडकीपाशी जाऊन बसले. पेरिझात लाल झाली होती, आणि कलिपा, ती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, मी म्हाताऱ्याला वळवलं. तिला वाटलं, आत्या पुन्हा भांडली.

मी फळ्यापाशी गेले. देणाऱ्याची ओळ लिहिली, घेणाऱ्याची ओळ लिहिली. एकीला दोनने गुणलं, दुसरीला पाचने. दहा घेतले, दहा दिले. तुझ्या पुस्तकातली पद्धत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ती वर्गात लिहिली. मग खडू खाली ठेवला आणि सांगितलं. "अगायांनी आम्हाला विचारलं होतं, पेरिझातचं बरोबर आहे का. मला माहीत होतं की बरोबर आहे. मी म्हणाले, चूक आहे. एक नियम रचून सांगितला. मी तिच्यासाठी भांडले नाही. तिला हरवलं ते मी."

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "मग परवा टाळ्या कशाला घेतल्या?" अगायांनी काठी आपटली, पण मी म्हटलं, "बरोबर विचारलंस."

पेरिझात तोपर्यंत माझ्याकडे बघत होती. मग तिने वही काढली आणि फळ्यावरचं समीकरण उतरवून घेतलं. उतरवायची काही गरज नव्हती तिला. घंटा होईपर्यंत ती लिहितच होती.

घरी मला वाटलं होतं, आरडाओरडा करेल, भांडी आपटेल. तुझी लेक आहे, तोंडाने कमी नाही. तसं काही झालं नाही. ती मुकाट्याने कपड्यांची घडी घालत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "पेरी, माफी मागायचं तोंड नाही मला." ती घडी घालतच म्हणाली, "मला हरल्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं, आत्या. मला तुझं वाईट वाटत होतं. तू जेवत नव्हतीस. मी महिनाभर तुझी समजूत काढत होते." मग वर बघून म्हणाली, "आणि तू काढू दिलीस."

एवढंच बोलली ती. त्यानंतर घरात तिचा आवाज असतो तो आजीशी. माझे बूट दारात पडलेले असतात, मीच उचलते. नौरोजला गव्हाच्या अंकुरांचं सुमोलोक ढवळायला सगळ्या गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. ती दुसऱ्या कढईपाशी बसली. बायकांनी माझ्याकडे बघितलं, एकीने विचारलंही, "काय गं, भाचीशी बिनसलं का?" आई म्हणाली, "तुझ्या घरचं बघ." आईला सगळं कळलंय. तिने मला एक शब्दही विचारलेला नाही, आणि मला तिच्या जिभेची कधी नव्हे इतकी वाट बघावी लागते आहे.

बिश्केकहून होकार आला. फेरी पुढच्या आठवड्यात आहे. उद्या सकाळी ती अगायांबरोबर निघते. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशनही तिथेच करायचं ठरलंय. तिकडे मुक्काम अगायांच्या मुलीकडे. मी काल विचारलं, "मी येऊ का गं बरोबर? लांब कुठेतरी बसेन." तिने मान हलवून नको म्हटलं. उर्मटपणे नाही, दुकानात एखादी वस्तू नको असते तसं. मग म्हणाली, "आईला सांगशील का यायला? मी फोन केला तर ती मला विचारेल, तू रडतेस का. तूच लिही."

म्हणून हे पत्र. मुकाश आणि तुझं जे काय आहे ते असो, आमच्या दारात यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी कधी त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. पण बिश्केकला ये. गाळा चार दिवस बंद ठेव. पेपर कसाही जावो, बाहेर आल्यावर तिला तिच्या बाजूचं एक माणूस समोर उभं दिसायला हवं. ते माणूस मी नाही, हे तिला आता माहीत आहे.

असिलकान